कातड्यांची खतावणी

१८२१ साली २६९. सात वर्षांनी, १८२८ साली, ५,९४३. आणखी चार वर्षं गेली आणि आकडा उतरला ९८ वर.

कॅनडाच्या वायव्येला मॅकेंझी नदीच्या मुलखातून हडसन्स बे कंपनीने वर्षावर्षाला गोळा केलेल्या, लिंक्स या रानमांजराच्या कातड्यांचा हा हिशेब आहे. कंपनीच्या कारकुनांनी तो मालाची मोजदाद म्हणून ठेवला. रानात काय चाललंय हे शोधणं त्यांचं काम नव्हतं आणि त्यांना तेवढी फुरसतही नव्हती. तरी १८२१ ते १९३४ अशी सलग ११४ वर्षांची ही खतावणी आज प्राणिशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. संख्याशास्त्राचे विद्यार्थी तिच्यावर हात बसवतात. ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रणाली संगणकात घेतली की तिच्याबरोबर ‘लिंक्स’ नावाची ही आकडेवारी आपसूक येते. एखाद्या जनावराबद्दल इतकी दीर्घ आणि सलग माहिती त्याला मारणाऱ्यांच्याच वहीतून मिळावी, ही या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. लिंक्सच्या चारही जातींचं थोड्याफार फरकाने असंच झालं. माणसाने त्याची नोंद ठेवली ती बहुतेकदा त्याच्या मरणाची.

मराठीत या प्राण्याला स्वतःचं नाव नाही, कारण सह्याद्रीत किंवा दख्खनच्या माळांवर तो कधी नव्हता. आपल्याकडचा त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा प्राणी म्हणजे शशकर्ण, म्हणजेच कॅरॅकल. त्याच्याही कानांच्या टोकांना काळे झुबके असतात, म्हणून जुन्या इंग्रजी लिखाणात त्याला लिंक्सच म्हटलेलं सापडतं. पण त्याची वंशशाखा वेगळी. खरे लिंक्स चारच. आखूड शेपटी, लांब पाय, गालांवर कल्ले, कानांवर केसांचे झुबके ही सगळ्यांची सामाईक ठेवण. बाकी प्रत्येकाचा थाट निराळा. युरेशियन लिंक्स सर्वांत मोठा. नर वीस-पंचवीस किलोंचा असतो, हरणं मारतो, आणि पश्चिम युरोपातल्या डोंगरांपासून सैबेरिया ओलांडून हिमालयाच्या पलीकडच्या उतारापर्यंत त्याचं राज्य आहे. कॅनडाचा लिंक्स त्याच्या साधारण निम्म्या वजनाचा, राखाडी, दाट केसांचा. इबेरियन लिंक्स स्पेन आणि पोर्तुगालपुरताच. अंगावर ठळक ठिपके, हनुवटीखाली टोकदार दाढी. चौथा बॉबकॅट. मेक्सिकोपासून कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत तो कुठेही भेटतो. वाळवंट असो, दलदल असो, शहराच्या कडेचं झुडूप असो. कॅनडाचा लिंक्स आणि बॉबकॅट शेजारीशेजारी ठेवले तर ओळखायला शेपटीचं टोक बघावं. लिंक्सचं टोक चहूबाजूंनी काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं. बॉबकॅटचं वरून काळं, खालून पांढरं.

कातड्यांच्या व्यापाऱ्याला मात्र शेपटीशी कर्तव्य नव्हतं. त्याची नजर पोटाकडे असायची.

हडसन्स बे कंपनीला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी सनद दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला इकडे तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले होते आणि मुंबई बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात येऊन दोनच वर्षं झाली होती. लंडनहून त्या काळात असे दोन व्यापार दोन दिशांना चालले होते. एक सुती कापड आणि मसाल्यांकडे, दुसरा केसाळ कातड्यांकडे. चार्ल्सचा चुलतभाऊ प्रिन्स रूपर्ट या नव्या कंपनीचा पहिला गव्हर्नर झाला. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख सनदेने कंपनीला बहाल करून टाकला. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

कंपनीचा जीव होता बीव्हर या नदीकाठच्या, दाट लवीच्या कुरतड्या प्राण्यात, कारण युरोपातल्या टोप्या बीव्हरच्या लवीच्या नमद्यापासून बनत. बीव्हरचं एक चांगलं कातडं हेच तिकडचं चलन झालं. बंदूक इतक्या बीव्हरची, घोंगडी इतक्या बीव्हरची, आणि इतर जनावरांच्या कातड्यांचा भावही बीव्हरच्या हिशेबात. लिंक्स या यादीत दुय्यम होता. कंपनीच्या कागदांत त्याला कित्येकदा नुसतं ‘कॅट’ म्हणून टाकलेलं असतं. पण त्याच्या पोटाची लव लांब, पांढरी, फिक्या ठिपक्यांची आणि हाताला रेशमासारखी लागणारी. तिला गिऱ्हाईक कायम असे.

मॅकेंझीचं खोरं मूळ सनदेत बसत नव्हतं, कारण ती नदी हडसन उपसागराला मिळत नाही, उत्तरेला आर्क्टिक समुद्राला मिळते. तिथे नॉर्थ वेस्ट कंपनीचे लोक व्यापार करत. दोन्ही कंपन्यांची हाणामारी विकोपाला गेल्यावर १८२१ साली त्यांचं विलीनीकरण झालं, हडसन्स बे कंपनीला त्या मुलखाचाही मक्ता मिळाला, आणि नवा जिल्हा, नवी वही सुरू झाली. आकडेवारी १८२१ पासूनच सुरू होते ती यामुळे.

लिंक्सला पकडायची रीत साधी होती आणि त्याच्या स्वभावावर बेतलेली होती. तिथले मूळ रहिवासी डेने लोक हिवाळ्यात सशांच्या वाटांवर फांद्यांचं छोटंसं खोपटं रचत. आत एक काठी, तिला बीव्हरच्या ग्रंथीतून निघणाऱ्या उग्र वासाच्या द्रव्याचं बोट लावलेलं, आणि तोंडाशी दोरीचा फास. कधी वर पक्ष्याचा पंख टांगायचा. कोल्हा नाकाने शिकार करतो, लिंक्स डोळ्यांनी. वाऱ्यावर हलणारं पीस दिसलं की तो वाट वाकडी करून बघायला येतोच. फास अडकल्यावर तो फारशी झटापट करत नाही, असं जुने शिकारी सांगत. मग कातडं काढायचं. पोटावर चीर द्यायची नाही. मागच्या पायांकडून सोडवायचं आणि सदऱ्याची बाही उलटी करावी तसं डोक्यापर्यंत अख्खं ओढून घ्यायचं. पोटाची लव शाबूत राहिली तरच भाव.

वसंतात ही कातडी कंपनीच्या ठाण्यावर येत. तिथे दाबून त्यांचे चाळीस-चाळीस किलोंचे गठ्ठे बांधले जात. मॅकेंझीच्या ठाण्यांवरचा माल नावांमधून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेला यायचा, मेथी पोर्टेजच्या सुमारे १९ किलोमीटरच्या खुष्कीच्या वाटेवर माणसांच्या पाठीवर चढायचा, पलीकडून आलेल्या नावांत उतरायचा, नद्या आणि तळी ओलांडत हडसन उपसागरावरच्या यॉर्क फॅक्टरीला पोचायचा आणि बर्फ पुन्हा धरायच्या आत जहाजाने लंडनला रवाना व्हायचा. तिथे लिलाव. कंपनीचा पहिला लिलाव १६७२ साली गॅरवेज कॉफीगृहात झाला होता. फासात सापडलेला लिंक्स आणि लंडनमधला सौदा यांच्यात वर्षा-दोन वर्षांचं अंतर पडे. पुढे शास्त्रज्ञांना प्रत्येक आकडा नेमका कुठल्या हिवाळ्यातला हे ठरवताना याच अंतराने घाम फोडला.

ठाण्यावरच्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट दरवर्षीच्या व्यवहारातून ठाऊक झाली होती. लिंक्स येतात तसे जातात. तीन-चार वर्षं गठ्ठ्यावर गठ्ठे, मग एकाएकी दुष्काळ, मग पुन्हा हळूहळू भरती. कारणही त्यांना माहीत होतं: ससे.

कॅनडाच्या लिंक्सचं सगळं आयुष्य स्नोशू नावाच्या सशाभोवती फिरतं. हा ससा हिवाळ्यात पांढरा होतो आणि रुंद पावलांवर भुसभुशीत बर्फावरून पळतो. लिंक्सचे पंजेही तसेच, केसांनी भरलेले आणि अंगाच्या मानाने अवाढव्य. बर्फावर ते बॉबकॅटच्या पंजांच्या जवळजवळ दुप्पट भार पेलतात. जिथे बॉबकॅट पोटापर्यंत रुततो तिथे लिंक्स वरून चालत जातो. ससे उदंड असतात तेव्हा लिंक्सची मादी चार-पाच पिल्लं घालते आणि ती जगतात. सशांची संख्या साधारण नऊ-दहा वर्षांनी कोसळते. मग तरुण माद्या वितच नाहीत, झालेली पिल्लं थंडीत तग धरत नाहीत, आणि मोठे लिंक्स भुकेने शेकडो किलोमीटर भटकत सुटतात. भुकेलं जनावर फासात लवकर सापडतं, म्हणून ससे संपायला लागले की त्या वर्षी कातडी उलट भरपूर येतात. घसरण दिसते ती पुढच्या हिवाळ्यात.

खतावणीतल्या उतारांचे आकडे माणसांच्याही भुकेचे आहेत, हे विसरता येत नाही. मॅकेंझीच्या खालच्या खोऱ्यातली एक डेने जमात सशांवर इतकी अवलंबून होती की व्यापाऱ्यांनी तिचं नावच ‘हेअर’, म्हणजे ससेवाले, असं पाडलं. सशांचं मांस खायचं, सशांच्या कातड्याच्या पट्ट्या विणून पांघरायच्या. १८४२ सालच्या रकान्यात लिंक्सचा आकडा आहे ४५. त्याच सुमारास फोर्ट गुड होपच्या परिसरात भीषण उपासमार झाली. वहीत त्या हिवाळ्याची खूण म्हणजे एवढाच एक बारका आकडा. मेलेल्या माणसांसाठी तिच्यात रकाना नव्हता.

या आकड्यांतला ठेका पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, याचं श्रेय एका माणसाला देता येत नाही. निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्प्सन सीटन याने १९११ साली आपल्या उत्तरेच्या प्रवासाच्या पुस्तकात कंपनीच्या कातड्यांचे आलेख छापले. कॅनडाचा कीटकशास्त्रज्ञ गॉर्डन हेविट याने १९२१ च्या पुस्तकात लिंक्स आणि ससा यांच्या वक्ररेषा दिल्या. आणि हे पुस्तक ऑक्सफर्डमधल्या विशीतल्या एका तरुणाच्या हाती पडलं. चार्ल्स एल्टन त्याचं नाव. उंदीर, लेमिंग, ससे यांची संख्या मधूनमधून का फुगते आणि का ओसरते या प्रश्नाने त्याला झपाटलं होतं. १९२४ साली त्याने यावर पहिला मोठा लेख लिहिला. तेव्हा त्याचा संशय सूर्यावरच्या डागांवर होता. सूर्याच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं, म्हणून. हा मेळ पुढे बसला नाही.

१९२५ ते १९३१ एल्टन हडसन्स बे कंपनीचा जीवशास्त्र सल्लागार होता. कंपनीला हवा होता अंदाज: यंदा माल किती येईल? एल्टनला हवी होती वही. लंडनमधल्या दफ्तरात शिरून त्याने आणि मेरी निकल्सन यांनी दीडशे-दोनशे वर्षांची पत्रं, याद्या, लिलावाचे कागद चाळले. राजवाडे-खऱ्यांच्या पिढीने वाड्यावाड्यांतून दफ्तरं धुंडाळून इतिहास उभा केला, तो ज्याला परिचित आहे त्याला या कामाची जात लगेच कळेल. तारखा जुळवायच्या, जिल्ह्यांच्या सीमा कधी बदलल्या ते शोधायचं, गहाळ वर्षं दुसऱ्या कागदावरून भरायची. त्यांचा लेख प्रसिद्ध झाला १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना. मॅकेंझीचे शिखरबिंदू त्यात ओळीने दिसतात: १८२८, १८३८, १८४८, १८५७, १८६६. मध्ये १८८९ चा तळ, अवघी ३९ कातडी. आणि १९०४ चा उच्चांक, ६,९९१. मधल्या काळात बाजारभाव बदलले, बंदुका बदलल्या, आगबोटी आल्या, साथी आल्या. ठेका मात्र टिकून राहिला.

नंतरच्या शास्त्रज्ञांनी या खतावणीकडे संशयानेही बघितलं, आणि ते योग्यच झालं. १९७३ साली मायकेल गिल्पिन याने एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की ससे लिंक्सला खातात का? कारण कंपनीचे आकडे जसेच्या तसे समीकरणात घातले तर काही काळात लिंक्सची भरती आधी आणि सशांची नंतर दिसत होती. एक अडचण अशी की सशांचे आकडे एका प्रदेशातले आणि लिंक्सचे दुसऱ्या प्रदेशातले असे एकत्र मांडले गेले होते. शिवाय कातडं म्हणजे जनावरांची शिरगणती नव्हे. किती फास लागले, किती लोक त्या हिवाळ्यात आजारी होते, व्यापाऱ्याने काय भाव दिला, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं.

म्हणून शेवटी रानात जाऊन बघावं लागलं. युकॉनमधल्या क्लुआनी सरोवराजवळ चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी १९८६ ते १९९४ अशी आठ वर्षं एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे आखून प्रयोग केला. कुठे सशांना जादा खाद्य टाकलं, कुठे कुंपण घालून लिंक्ससारख्या शिकारी जनावरांना बाहेर ठेवलं, कुठे दोन्ही केलं. खाद्य दिलं तिथे ससे तिपटीने वाढले, शिकारी रोखले तिथे दुपटीने, आणि दोन्ही केलं तिथे अकरा पटींनी. भूक आणि शिकारी मिळून हे चक्र फिरवतात, असा त्याचा अर्थ. कंपनीच्या वह्या आता विनिपेगला आहेत. १९७४ साली त्या लंडनहून तिथे हलवल्या गेल्या, आणि २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत त्यांचा समावेश झाला.

कॅनडात आणि अलास्कात लिंक्स टिकला. दक्षिणेला, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, तो इतका विरळ झाला की २००० साली त्याला संरक्षित यादीत घालावं लागलं. कोलोराडो राज्याने १९९९ ते २००६ या काळात उत्तरेकडून आणलेले २१८ लिंक्स सोडले. पहिल्या खेपेतले काही उपाशी मेले. मग सोडण्याआधी त्यांना काही आठवडे खाऊ घालून धष्टपुष्ट करायचं आणि वसंतापर्यंत थांबायचं अशी पद्धत पडली, आणि पुढची जनावरं तगली.

बॉबकॅटचा इतिहास याहून तुटक आहे. त्याचं कातडं पूर्वी हलकं समजलं जाई. १९७५ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणारा करार अमलात आला, चित्ता-बिबट्या-ओसेलॉट यांच्या ठिपक्यांच्या कातड्यांचा बाजार बंद पडत गेला, आणि सगळी मागणी बॉबकॅटवर आली. त्याच्या कातड्याचा भाव काही वर्षांत कित्येक पटींनी चढला. एका जातीला दिलेलं संरक्षण दुसरीच्या गळ्याशी आलं. तरी बॉबकॅट बुडाला नाही. त्याचं पोट एका सशावर अवलंबून नाही. उंदीर, खारी, पक्षी, प्रसंगी हरीण, जे मिळेल ते त्याला चालतं. कॅलिफोर्नियाने २०१५ साली त्याला सापळ्यात धरण्यावर बंदी घातली.

युरोपात लिंक्सची कीर्ती कातड्याइतकीच डोळ्यांची होती. ग्रीक कथांतला लिंकेउस भिंतीपलीकडचं आणि जमिनीखालचं बघू शकत असे. लिंक्सचं मूत्र जमिनीत गोठून त्याचं रत्न होतं, अशीही समजूत होती. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने दगडांवरच्या ग्रंथात या रत्नाचे गुण गंभीरपणे नोंदले आहेत. नराचं मादीपेक्षा सरस, रानातल्याचं पाळलेल्यापेक्षा सरस. रोमन प्लिनीला मात्र ते पटलं नव्हतं. १६०३ साली फेदेरिको चेसी या अठरा वर्षांच्या तरुणाने रोममध्ये अभ्यासकांची मंडळी स्थापन केली, तिला नाव दिलं लिंचेई, म्हणजे लिंक्सच्या नजरेचे. १६११ साली गॅलिलिओ तिचा सभासद झाला. सूर्यावरच्या डागांविषयीची त्याची पत्रं याच मंडळीने १६१३ साली छापली.

ज्या खंडाने विज्ञानसंस्थेला या जनावराचं नाव दिलं, त्याच खंडात त्याला हाकून हाकून संपवलं गेलं. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात लाउटेनथालजवळ एक दगड उभा आहे. १८१८ साली तिथल्या शेवटच्या लिंक्सपैकी एकाला मारलं, त्याची ही खूण. अकरा दिवस हाका चालला होता. हार्त्समध्ये २००० सालापासून पुन्हा लिंक्स सोडण्यात आले, प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले. स्वित्झर्लंडने त्याआधीच, १९७१ साली, ओबवाल्डेन प्रांतात स्लोव्हाकियाच्या कार्पेथियन डोंगरांतून धरून आणलेली जनावरं सोडली होती. स्लोव्हेनियाच्या कोचेव्येला १९७३ साली सहा सोडली. आज आल्प्स आणि दिनारिक डोंगरांत हिंडणारे बरेचसे लिंक्स या मूठभर जनावरांचे वंशज आहेत, म्हणून नात्यातल्या नात्यात प्रजननाचा धोका तिथे कायम डोक्यावर आहे.

याच युरेशियन जातीचा फिक्या रंगाचा भाऊबंद लडाखमध्ये आहे. नुब्रा आणि चांगथांगच्या उघड्या डोंगरांत त्याला स्थानिक लोक ‘ई’ म्हणतात. झाड नाही, बर्फातलं घनदाट रान नाही. खडक, सुकं गवत, रानससे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. लहान शेळ्या-मेंढ्या नेतो म्हणून मेंढपाळांचा त्याच्यावर राग असतो, आणि ज्याचं कोकरू गेलं त्याचा राग खोटा नसतो. मॅकेंझीसारखी वही इथे कुणी ठेवली नाही. बर्फातला माग, कॅमेऱ्यात अचानक टिपलेला एखादा चेहरा, एवढ्यावरच त्याची माहिती गोळा होते आहे.

आणि स्पेन. इथली गोष्ट सांगताना पुन्हा सशांपासूनच सुरुवात करावी लागते. या देशाचं लॅटिन नाव हिस्पानिया हे फिनिशियन खलाशांच्या ‘सशांचा किनारा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं असावं, असा एक प्रसिद्ध तर्क आहे. इबेरियन लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो. दुसरं काही तो खातो, पण नाइलाजाने.

१९५३ साली स्पेनमध्ये ‘उपद्रवी प्राण्यांच्या निर्मूलनासाठी’ प्रांतवार मंडळं निघाली. लांडगा, कोल्हा, गरुड, लिंक्स यांना मारून पुरावा आणणाऱ्याला बक्षीस. इथेही मरणाचीच नोंद. पण त्याहून मोठा घाव फ्रान्समधून आला. जून १९५२ मध्ये पॅरिसच्या पश्चिमेला मायब्वा इथे पॉल-फेलिक्स आर्मां-देलिल या निवृत्त वैद्याने आपल्या जमिनीवरचे ससे संपावेत म्हणून दोन सशांना मिक्सोमाटोसिस रोगाचा विषाणू टोचून सोडून दिलं. रोग आपल्या जमिनीच्या भिंतीआडच राहील अशी त्याची समजूत होती. दोन-तीन वर्षांत फ्रान्समधले ससे जवळजवळ संपले आणि रोग पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये उतरला. आर्मां-देलिलला न्यायालयाने किरकोळ दंड केला. पुढे शेती-वनखात्याच्या लोकांकडून त्याला पदकही मिळालं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशांवर रक्तस्रावाचा दुसरा रोग आला. शेतं वाढली, धरणं झाली, पाइन आणि निलगिरीची लागवड झाली, रस्ते रुंद झाले. लिंक्सला १९७३ साली कायद्याने संरक्षण मिळालं, पण खायला ससा नसेल तर कायदा कुणाला जगवणार?

२००२ च्या गणनेत सगळे मिळून ९४ उरले होते. दोनच ठिकाणी: ग्वादाल्किविर नदीच्या मुखाशी दोन्याना, आणि सिएरा मोरेना डोंगरात आंदुहारच्या आसपास. दोन्हींमध्ये एकमेकांशी सोयरीक होण्याचा मार्ग नव्हता.

आता लिंक्सची जिवंतपणी मोजदाद होऊ लागली होती. दोन्यानातल्या एल असेबुचे केंद्रात २८ मार्च २००५ रोजी सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली, बंदिवासातली पहिली. सहा आठवड्यांची असताना दोन पिल्लांत अशी जुंपली की एक मेलं. पाळणारे हादरले, आईने मध्ये पडूनही उपयोग झाला नव्हता. पुढच्या विणींत तेच दिसलं, तेव्हा कळलं की या जातीत त्या वयात भावंडांचा हा झगडा होतोच, आणि ते थोडे दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा. रानात सशांसाठी झुडपं राखली, बिळांसाठी दगडमातीचे ढीग रचले, जमीनमालक आणि शिकार-संघांशी करार केले, रस्त्यांखालून वाटा काढल्या. एवढं करूनही गाडीखाली दरवर्षी कित्येक मरतात. दोन्याना आणि आंदुहारच्या जनावरांची सोयरीक माणसाने जुळवून दिली. २०२४ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत या जातीचा धोका एका पायरीने कमी झाला, आणि त्या वर्षीच्या गणनेत स्पेन-पोर्तुगाल मिळून २,४०१ लिंक्स भरले.

या नव्या वहीत प्रत्येक जनावराला नाव आहे. वर्षाला एक अक्षर ठरवायचं, त्या साली जन्मलेल्या पिल्लांची नावं त्या अक्षरावरून ठेवायची. नाव ऐकलं की वय कळतं. पोर्तुगालमध्ये परत सोडलेली पहिली जोडी १६ डिसेंबर २०१४ रोजी मेर्तोलाजवळच्या कुंपणात उतरवली गेली. नर काटमांडू, मादी जाकारांदा. लॅटिन वर्णमालेत जे आधी येतो आणि के नंतर, म्हणून ती त्याच्याहून थोरली. २०१६ साली मोकळ्या रानात जाकारांदाला पिल्लं झाली.